आधी तुम्ही

डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या त्या खोलीत एक रीत होती. एजंट, म्हणजे कोणाच्या तरी वतीने आपणहून बोलणी करणारा प्रोग्रॅम; त्याची पहिली ओळ लिहिण्याआधी माणसांनीच एजंट व्हायचं. पाठीला पाठ लावून बसायचं, चिठ्ठ्यांवरूनच बोलायचं. एजंटाला जेवढं ठाऊक, तेवढंच आपल्याला ठाऊक.

त्या दिवशी हेडविख आणि योरिस मालवाहू बोटी झाले होते. कालव्याचा दरवाजा अरुंद, एका वेळी एकच बोट जाणार. प्रत्येक बोटीच्या वतीने बोलणाऱ्या एजंटाचे नियम दोघांनी मिळून कागदावर ठरवले होते. तीन वर्षं एकत्र राहणारी ही जोडी.

योरिसला नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. आज उत्तर द्यायचं होतं. त्याने जाऊ नये असं हेडविखला फार वाटे, पण विचारलं की ती म्हणे, "तुझी मर्जी."

योरिसची चिठ्ठी आली, 'तुम्ही आधी जा.' हेडविखने लिहिलं, 'नको, तुम्हीच जा.' पुन्हा तीच चिठ्ठी, पुन्हा तेच उत्तर. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग झाला, बोटी तिथल्या तिथेच.

प्राध्यापक सीत्स्केबाई हसून हसून बेजार. "अरे, बोटी आहेत की दारात अडकलेले पाहुणे? भलेपणा ओतलात दोन्ही एजंटांत, पण स्वतःची इच्छा? ती कोणी घालायची? इच्छाच नसेल तर समोरच्याने जुळवून घ्यायचं कशाशी?" आणि कॉफी आणायला निघून गेल्या.

हेडविखने पेन खाली ठेवलं. पाठीला पाठ होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणून बोलणं जमलं.

"योरिस, तू गेलेलं मला नको आहे."

मागे खुर्ची करकरली. "मग आठवडाभर 'तुझी मर्जी' कसली लावली होतीस?"

"तुझ्या आड यायचं नव्हतं."

"वेडे! मला वाटलं, तुला काही फरकच पडत नाही." तो पुढे म्हणाला, "पण मला जायचंय गं. ते काम मला मनापासून हवंय. फक्त एकट्याने नाही."

"तिथे मी काय करू? मासे साफ करू?"

"तुझ्यासाठी जागा आहे का, विचारतो. नाही म्हणाले तर मीही नाही."

"हे कधी ठरवलंस?"

"आत्ता. तू बोललीस तेव्हा."

तो उठून फोनकडे गेला. नंबर फिरवता फिरवता म्हणाला, "काय सांगू, तुला काय काय येतं?"

"सगळं सांग," डोळे पुसत हेडविख म्हणाली, "आणि पगार कमी नको म्हणावं."