उघडं राहिलेलं तोंड

नव्या नोकरीसाठी आत्या उद्या दूरच्या शहरात राहायला जाणार होती, पण तिच्या म्हाताऱ्या गाडीला ते काही पटत नव्हतं. सुरू केली की इंजिन धापा टाकायचं आणि बंद पडायचं. भिंगरीला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गाडी नाही, तर जाणं नाही!

"जुन्या नळ्या काढल्या ना, त्यांची तोंडं उघडी राहिलीत. तिथून फुकटची हवा आत घुसतेय," आत्या म्हणाली. कार्बोरेटरवरची दोन तोंडं तिने रबरी टोप्या घालून बंद केली, तरी कुठूनतरी सूंऽऽ येतच होतं. "भिंगरे, तुझे कान तिखट आहेत. बघ बरं!"

शोधायचंच नाही, असं भिंगरीने पक्कं ठरवलं होतं. पण हात कुठे ऐकतो? तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे शिरला, बोट एका बारक्या तोंडावर टेकलं आणि इंजिन शहाण्या बाळासारखं चालू लागलं.

"सापडलं! अगं, तू तर पक्की मेकॅनिक निघालीस!" आत्या ओरडली. शेजारी उभ्या बाबांनी टाळ्या वाजवल्या.

भिंगरीने बोट काढून पाहिलं. इंजिन लगेच खोकलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. तिने बोट मुकाट्याने परत ठेवलं.

आत्या टोपी घेऊन आली. "हं, काढ."

"मी धरून ठेवते ना, आत्या. असंच."

"गाडी तिथे पोचेपर्यंत?" आत्या हसली आणि एकदम हसायची थांबली. मग तिने भिंगरीचं बोट अलगद उचललं आणि टोपी बसवली.

त्यानंतर इंजिन जराही अडखळलं नाही.