रेणूच्या पिकअपचा कॅम

रेणूचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला होता, त्यामुळे क्लच असलेली कुठलीही गाडी तिच्या कामाची नव्हती. खाणीतल्या एका साहेबाची जुनी ऑटोमॅटिक पिकअप विकायला निघाली आहे असं कळलं, तेव्हा तिनंच नवऱ्याला, इश्वरला, ती पाहायला ओढत नेलं. क्लच नाही, गिअर बदलायची भानगड नाही. उजव्या पायानं रेस, उजव्याच पायानं ब्रेक. तेव्हापासून कारध्याच्या नदीकाठच्या शेतातली वांगी आणि मिरची रोज सकाळी भंडाऱ्याच्या बाजारात तीच न्यायची. कधी साकोलीपर्यंतही जायची. शेत इश्वरचं आणि गाडी रेणूची, हे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळे तसंच धरून चालत.

दिवाळीनंतर इंजिनातून टकटक येऊ लागली. जवळच्या शहापूरच्या मेकॅनिक कैलाशनं गॅरेजमध्ये इंजिन खोललं आणि कॅमशाफ्ट काढून दाखवला. इंजिनाच्या झडपा कधी आणि किती उघडायच्या हे ठरवणारा तो दांडा, त्याचे उंचवटे पार झिजून गेले होते.

"नवाच टाका लागते," कैलाश म्हणाला.

इश्वरचा धाकटा भाऊ पिंटू नागपूरला गाड्या सजवण्याच्या दुकानात कामाला होता. तो त्या दिवशी मुद्दाम आला होता. त्यानं मोबाइल काढून कैलाशला आणि इश्वरला एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली कुठलीशी पिकअप धूळ उडवत सुटली होती.

"दादा, इंजिन खोललंच आहे तं कंपनीचा कॅम कायले टाकता? परफॉर्मन्स कॅम टाकू. गाडी उडून जाईन."

"माह्या कामाचा आहे का तो?" स्टुलावर बसलेल्या रेणूनं विचारलं.

"ताकद कोणाच्या कामाची नसते, वहिनी?"

इश्वर हसला, कैलाशही हसला. पुढचं सगळं बोलणं त्या तिघांत झालं. गाडीत काय भरते, कुठून चढते, बाजाराच्या गल्लीत किती वेळ रेंगाळते, हे तिला कोणी विचारलं नाही. तिनं आणखी एकदा तोंड उघडलं, पण तोवर पिंटू कोणाला तरी फोन लावत होता.

गाडी परत आली ती बदलूनच. उभी असली की धडधडायची आणि आता बंद पडते की मग, असं वाटायचं. इंजिन हळू चालत असताना ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक व्हायचा. शेतातून सडकेवर यायला एक चढाव होता. पूर्वी वांग्याचे क्रेट भरून गाडी तो चढाव सहज चढायची. आता निम्म्यावर मान टाकायची. मोकळ्या हायवेवर मात्र जोरात दाबली की खरंच उडायची. पण भाजी घेऊन उडायचं कुठं, हे रेणूला समजत नव्हतं.

तिनं पिंटूला फोन केला.

"या कॅमची ताकद वरच्या स्पीडले येते, वहिनी. म्हणून खाली मरते ते. जुना टॉर्क कन्व्हर्टर याच्यासंग जमत नाही, तोही बदलू."

"तो काय असते?"

"क्लचच्या जागी असते ना तो डब्बा. तेलातून ताकद चाकाले देते. नवा डब्बा इंजिन चांगलं फिरल्यावरच पकडते. मंग पाहा मजा."

"मले मजा नाही पायजे, भाऊजी. मले चढाव चढाचा आहे."

"चढन ना. माह्यावर सोडा."

पुन्हा आठ-दहा दिवस गाडी गॅरेजमध्ये राहिली. इश्वरनं भाड्याचा टेम्पो लावला, आणि बाजारात भाव करणं जमत नाही म्हणून रोज चिडून घरी येऊ लागला. रेणू घरी बसून मिरचीचे देठ खुडत राहिली. घरात बसणं तिला कधीच मानवलं नव्हतं.

नव्या कन्व्हर्टरवर गाडी चढाव चढली, पण ओरडत. रेस खूप द्यावी तेव्हा कुठं हलायची, आणि हलली की एकदम झेपावायची. गिअरबॉक्सचं तेल तापून जळका वास यायचा. पेट्रोल तर पाण्यासारखं जायचं. बाजाराच्या गल्लीत बोट-बोट पुढं सरकायचं असतं, तिथं रेणू आता पुढच्या माणसापासून लांबच थांबू लागली.

एका सकाळी जे होणार होतं ते झालं. पुढची हातगाडी सरकेना म्हणून ती थांबली होती. वाट मोकळी होताच तिनं रेस दिली. गाडी हलली नाही. आणखी थोडी दिली तशी ती उसळली आणि रेणूचा पाय कडक ब्रेकवर पडेपर्यंत कडेला टमाटे विकणाऱ्या मालनबाईच्या टोपल्यांत शिरली. मालनबाई मागं सरली म्हणून वाचली. तिच्या लुगड्यावर लाल शिंतोडे उडाले होते.

"काहून व बाई, दिसत नाही का तुले?" मालनबाई ओरडली.

रेणूनं माफी मागितली, टमाट्यांची भरपाई केली, आणि गाडी तिथंच कडेला लावून ऑटोनं घरी आली. किल्ली तिनं इश्वरच्या हातात ठेवली. "मी नाही चालवत आता ते."

इश्वरनं कैलाशला पाठवून गाडी शेतावर आणवली. रविवारी पिंटू आला. त्याचं म्हणणं एकच, की गाडीत खोट नाही, सवय व्हायला पाहिजे.

"तं दाखवा चालवून," रेणू म्हणाली. "क्रेट भरले आहेत."

पिंटू चालवायला बसला, रेणू शेजारी, इश्वर मागं, आणि तिघंही निघाले. चढावाच्या मध्यात रेणूनं त्याला थांबायला सांगितलं. "आता निंघा. हळू. समोर बाजार आहे असं समजा."

पिंटूनं रेस दिली. गाडी आधी मागं घसरली, मग उसळली. क्रेट मागच्या फाळक्यावर आदळले. त्यानं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याला युक्ती सुचली.

"अस्सं पाहा वहिनी. डाव्या पायानं ब्रेक धराचा, उजव्यानं रेस वाढवाची, अन् पकडली का ब्रेक हळूच..."

तो बोलता बोलता थांबला. त्याचा डावा पाय ब्रेकवर होता. रेणूचा डावा पाय, पट्ट्याचा बूट घातलेला, शेजारच्या सीटखाली वाकडा पडला होता. मागच्या सीटवर इश्वर खिडकीबाहेर पाहू लागला.

"सांगा ना," रेणू म्हणाली. "पुढं काय कराचं?"

पिंटूनं गाडी बंद केली. हँडब्रेक ओढून तो तिच्याकडे वळला.

"चुकलं वहिनी," तो म्हणाला. "माह्या ध्यानातच नाही आलं."

"मी गॅरेजात बसली होती, भाऊजी. तिथंच बसली होती."

सामान जिथून मागवलं होतं त्या नागपूरच्या माणसाला पिंटूनं तिथूनच फोन लावला आणि मोबाइल तिच्या हातात दिला. गाडी रोज चालते का, वजन किती, स्पीड किती, असं त्यानं विचारलं. रेणूनं चढाव सांगितला, गल्ली सांगितली, आणि आपला एकच पाय कामाचा आहे हेही सांगितलं. मग तो माणूस म्हणाला, कॅम कंपनीच्या मापाचाच घ्या, आणि कन्व्हर्टर जुनाच परत बसवा.

पण जुना कन्व्हर्टर कैलाशनं केव्हाच भंगारात दिला होता. तसाच दुसरा मिळेपर्यंत महिना उलटला. त्या महिन्यात पिंटू दर रविवारी येऊन गॅरेजमध्ये बसला, आणि प्रत्येक वस्तू हातात घेण्याआधी रेणूला विचारत राहिला. तिनं दर वेळी उत्तर दिलं, मोजकंच.

गाडी तयार झाली तेव्हा शेतातली वांगी संपत आली होती. उरलेले चार क्रेट भरून रेणू निघाली. पिंटू शेजारी बसला. चढावावर इंजिन हळू आवाजात ओढत राहिलं आणि गाडी सडकेला लागली. नदीच्या पुलावर एका ट्रकनं हॉर्न देत त्यांना मागं टाकलं.

"पिकअप कमीच आहे हिले," पिंटू हळूच म्हणाला.

"असू द्या," रेणू म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. तिनं आरसा सरळ केला आणि गाडी बाजाराकडे वळवली.