येळवशीची टेस्ट

फायरवॉल तपासायला आदिनाथ वर्षातून एकदा नांदेडहून लातूरला यायचा, आणि दिवस ठरलेला असायचा: येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं लातूर शेतावर असतं. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, आणि झाडाखाली डुलकी. बाजार बंद, रस्ते ओस. पॅथॉलॉजी लॅबच्या डॉक्टर अमृतरावांनीच हा मुहूर्त काढला होता. "कुणाच्या कामात खोडा न्हाई, निवांत तपासा," ते म्हणाले होते. येळवशीचं कौतुक लातूरकरांना. नांदेडच्या आदिनाथला तो साधा कामाचा दिवस. तो लगेच हो म्हणाला.

मग दरवर्षी तो त्या सामसूम लॅबमध्ये बसायचा, आपल्या लॅपटॉपवर लॅबबाहेरची इंटरनेट लाइन घ्यायचा आणि नेटवर्कचं एकेक दार बाहेरून ठोठावून बघायचा. एकही उघडायचं नाही. पास! डॉक्टर तो कागद फ्रेम करून दर्शनी भिंतीवर टांगायचे, पेशंटलाही बरं वाटायचं. नुसतं दार ठोठावून घर कळत नाही, हे आदिनाथला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी त्यानं ते बोलून पाहिलं, मग सोडून दिलं. ज्याला पास हवं असतं त्याला बाकीचं ऐकायचं नसतं, आणि सांगून सांगून माणूस थकतो.

यंदा पास होऊन महिना उलटला नाही तोच लॅबच्या नेटवर्कमध्ये कुणीतरी शिरलं. रेणापूर आणि देवणीच्या शाखांसकट सगळे रिपोर्ट कुलूपबंद करून टाकले. जुन्या प्रतींवरून निम्मे परत आले, निम्मे गेले ते गेलेच. डॉक्टरांचा फोन आला तसा आदिनाथ पहिल्या एसटीनं निघाला. अहमदपूरपर्यंत त्याला बसायला जागाही मिळाली नाही.

शिरणाऱ्याची वाट शोधायला फार वेळ लागला नाही. रिसेप्शनवर बसणाऱ्या तारामतीच्या कॉम्प्युटरवर एक ॲप होतं. दुसरीकडे बसून तो कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून टाकलेलं. त्याचा पासवर्ड तिन्ही ठिकाणच्या पोरापोरींना तोंडपाठ. फिरत फिरत तो बाहेर गेला होता.

"म्या माझ्या मनानं न्हाई टाकलं, सर," तारामती हळूच म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "डॉक्टरांनीच टाकायला लावलं. आता मलाच काढून टाकणार हायेत."

डॉक्टरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "आदिनाथराव, दोन ओळी लिहून द्या. फायरवॉल ठणठणीत होती, चूक कर्मचाऱ्याची होती. पेशंट पाठवणारे दवाखाने विचारून राहिलेत, त्यांना दाखवायला पाहिजे. तारामती, घे टाइप करून."

म्हणजे तिची नोकरी घालवणारा कागद तिनंच टाइप करायचा. आदिनाथला या माणसाचा भयंकर राग आला. पण पंचाईत अशी, की पहिली ओळ खरी होती. त्यानं सकाळीच पुन्हा तपासलं होतं, भरल्या लॅबमध्ये, सगळे कॉम्प्युटर चालू असताना. तरी पास.

"डॉक्टर, येळवशीला तातडीचे रिपोर्ट कोण बघतं?"

"मीच की. मागच्या खोलीत एक टेक्निशियन असतो. तो मशीन चालवतो, मी शेतावरून रिपोर्ट बघून सोडतो."

"कशावरून?"

"त्या ॲपवरून." डॉक्टर बोलून गेले आणि थांबले.

"मी तेच सांगून राहिलो. मी बाहेर दारं ठोठावत होतो तेव्हा तुम्ही आंबील पीत पीत आत फिरत होता. माझ्या टेस्टला त्याचा पत्ताही न्हाई. ते ॲप आतून बाहेर हात देतं, फायरवॉल त्याला अडवत न्हाई. तुम्ही आत गेलात तसाच तो चोर गेला."

"मग तुमच्या पासला अर्थ काय?"

"एवढाच, की माझ्यासाठी दार उघडलं न्हाई."

आदिनाथ तारामतीकडे वळला. "लिहा ताई. फायरवॉल ठीक होती. ॲप मालकांच्या सांगण्यावरून टाकलं होतं. ही टेस्ट असला धोका पकडत नाही. खाली माझं नाव."

तिची बोटं कळफलकावर अडली. "सर, तुमचं काम जाईल."

"जाऊ द्या."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. आदिनाथच्या नावाशिवाय दवाखाने तो मानणार नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. "राहू दे," ते शेवटी म्हणाले. "तारामती, तू बस जागेवर. आदिनाथराव, पुढच्या वर्षी तुम्ही तसदी घेऊ नका. मी दुसरा माणूस बघतो."

तारामती त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. नोकरी वाचली होती, तरी चेहरा उतरलेलाच होता.

"ते ॲप काढून टाका आज," आदिनाथ म्हणाला.

"काढलं होतं, सर. परवाच, सगळं झाल्यावर."

"मग?"

"काल संध्याकाळी डॉक्टरांनी परत टाकायला लावलं. रविवारी त्यांना माहूरला जायचंय."