सीटखालची लाल रेघ

“टाच ठेव पायडलवर, आता पाय सरळ कर,” केरू म्हणाला.

दुकानाच्या खांबाला धरून हिरामण सायकलवर बसला होता. पाय काही सरळ होईना. रोह्यात तीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या केरूने कपाळाला हात लावला. “सीट एवढी खाली, मग गुडगा दुखंल नाय तर काय व्हईल? आनि पायडल चवड्यानं मार, तळव्यानं नको.” त्याने सीट चार बोटं वर घेतली, नट आवळला आणि सीटच्या दांड्यावर, जिथे तो सायकलीत शिरतो तिथे, लाल रंगाची रेघ ओढली.

हिरामण धाटावच्या एका कंपनीचं टपाल पोचवायचा. स्टेशन, पोस्ट, बँक. दिवसाला चार फेऱ्या, स्वतःच्या सायकलने, सहा वर्षं, आणि तेही टेंपरवारी. यंदा त्या जागेवर एकाला कायम करणार होते, आणि नेमका यंदाच गुडघ्याने दगा दिला होता. बायकोलाही त्याने हे कळू दिलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त जगनला. जगन त्याच्याच गावचा, पेणकडच्या खाडीपट्ट्यातला. त्याला कंपनीत चिकटवलं हिरामणनेच. सायकलची दुसरी चावीही त्याच्याकडेच असायची.

केरूचा उपाय लागू पडला. पंधरा दिवसांत गुडघा गप्प झाला. फक्त अधूनमधून जेवणाच्या सुट्टीनंतर सायकल काढावी, तर सीट खाली बसलेली आणि रेघ आत गेलेली. नट घसरतोय म्हणून तो पुन्हा केरूकडे गेला.

“नट झकास हाय,” केरू म्हणाला. “तुजी सायकल कोनतरी बुटका चालवतोय.”

बुटका म्हणजे जगनच. हिरामणला हसू आलं. असेल पोराचं काही काम, नेईना का, आपण चावी दिली ती कशासाठी.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. “गुडघा कामातून गेलाय म्हणे तुझा. आधी सांगायचंस,” ते म्हणाले. “जगन बिचारा तीनदा दुपारी बंगल्यावर आला. हिरामणदादाला आता सायकल झेपत नाही म्हणाला.” टपालाच्या जागेवर जगनची ऑर्डर निघाली होती. गुडघा आता बरा आहे, हवं तर आत्ता चालवून दाखवतो, असं हिरामणने दोनदा सांगितलं. सही झाली होती. गेटवर काही निघालं तर बघू, असं साहेब म्हणाले.

जगन सायकल स्टँडवरच भेटला. बंगल्यावर पेढे देऊन नुकताच आला होता. चावी अजून हातात होती.

“घरात चार तोंडं हायत, दादा,” तो खाली बघत म्हणाला. “आनि तुजा गुडगा दुखत व्हताच ना?”

“व्हता,” हिरामण म्हणाला. “तुलाच सांगितला व्हता.”

त्याने चावी मागून घेतली. पिशवीतून पाना काढला, रेघ दिसेपर्यंत सीट वर ओढली, नट आवळला आणि टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो का ते पाहिलं. मग निघाला.

धाटावपासून रोह्यापर्यंत गुडघा एकदाही दुखला नाही. आज तरी तो दुखायला हवा होता, असं त्याला घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.