होळीला केलेलं भाकीत

बाळांनो, एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ग्लासगोतलं, मार्च महिन्यातलं, १९९४ सालचं. खिडकीच्या काचा वाफेने धुरकटल्या आहेत. मोठी माणसं भांडताहेत, तेही क्रिकेटवरून नव्हे, बेसबॉलवरून. तुम्ही टेबलाशी मीनलच्या शेजारी बसा. ती दहा वर्षांची आहे, आणि तिला एक प्रश्न विचारायचा आहे.

मीनलचे बाबा, डॉक्टर शशिधर, ग्लासगोला येण्याआधी मॉन्ट्रियलच्या एका हॉस्पिटलात होते. हे वेड त्यांनी तिथून आणलं. अमेरिका-कॅनडातले संघ एप्रिलमध्ये खेळायला लागतात आणि ऑक्टोबरमध्ये त्यातला एक जिंकतो. त्याआधी होळी येते, म्हणून या घरात भाकितं होळीला व्हायची. होळीला मनात असेल ते तोंडावर बोलायचं आणि कोणी रागवायचं नाही, हा पहिला नियम. ज्याचं चुकेल त्याने ऑक्टोबरमध्ये निकालानंतर होणाऱ्या जेवणाची सगळी भांडी घासायची, हा दुसरा.

"टोरंटो," गिरीशकाका म्हणाले. ते बाबांच्याच हॉस्पिटलात भूल द्यायचे. त्यांची बहीण टोरंटोला, म्हणून त्यांचा संघही तिथला. "लागोपाठ दोनदा जिंकलोय. तुझ्या मॉन्ट्रियलच्या पोरांना अजून मिसरूड फुटलेली नाही, शशी."

"आणि तुझे म्हातारे झालेत. जूनमध्ये गुडघे धरून बसतील. दे मग त्यांना भूल."

"वहिनी, तुमचं कोण?"

"कोणी का जिंकेना," पोळी भाजता भाजता आई म्हणाली. "भांडी तुमच्यापैकीच कोणीतरी घासणार."

बाबा हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. त्यांच्या ताटातली पुरणपोळी तशीच होती. नाताळपासून शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडत चालली होती. मीनलने विचारलं की सगळे एकच सांगत, बाबांना जरा अशक्तपणा आलाय.

"मीनल, तुझा कोणता संघ?"

"आज काहीपण विचारलं तर चालतं ना? कोण रागवत नाही?"

"होळी आहे. विचार."

"बाबा ऑक्टोबरला असणार का?"

आईचा हात थांबला. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला.

आधी गिरीशकाका बोलले. "असणार म्हणजे काय? ठणठणीत होतील. माझं भाकीत समज हे."

बाबांनी मित्राकडे पाहिलं. "गिरीश, आज होळी आहे," ते हळूच म्हणाले. गिरीशकाका आपल्या ताटाकडे बघत राहिले.

"मी माझं सांगतो," बाबा मीनलकडे वळले. "ऑगस्टमध्ये तुझी शाळा उघडते. तोपर्यंतसुद्धा मी असेन असं मला वाटत नाही."

"अहो, पुरे," आई म्हणाली.

"तिने विचारलंय, सुप्रभा."

मीनलने बाबांचं ताट त्यांच्या आणखी जवळ सरकवलं. मग म्हणाली, "माझं ऑक्टोबर. आणि मॉन्ट्रियल."

त्या उन्हाळ्यात मॉन्ट्रियल जिंकतच गेलं. बाबांचा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. गिरीशकाका स्टेशनवरून अमेरिकन पेपर आणत आणि मीनल निकाल वाचून दाखवी. पुढे पुढे बाबा डोळे मिटूनच ऐकत. मॉन्ट्रियल पहिलं आहे हे तिने सांगितलं की चादरीवरचं एक बोट उचलत.

शाळा उघडली त्या सकाळी ती गणवेशात त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुमचं चुकलं. भांडी तुम्हाला."

"घासीन," बाबा म्हणाले.

त्याच सुमारास तिकडे खेळाडूंचं आणि मालकांचं बिनसलं आणि संप झाला. मॉन्ट्रियल सगळ्यांच्या पुढे होतं, तिथेच खेळ थांबला. सप्टेंबरमध्ये बातमी आली की यंदा अंतिम सामने होणार नाहीत.

"मग कोण जिंकलं?" मीनलने विचारलं.

"कोणीच नाही," बाबा म्हणाले.

सप्टेंबर संपता संपता ते गेले.

सुतक फिटल्यावर ऑक्टोबरमध्ये गिरीशकाका नेहमीसारखे जेवायला आले. आईने वरणभात केला होता. चौथी खुर्ची कोणी हलवली नव्हती. जेवण कोणालाच गेलं नाही.

"यंदा कोणाचंच भाकीत धरायचं नाही," काका म्हणाले. "खेळच पुरा झाला नाही."

"तुमचं चुकलं, काका," मीनल म्हणाली. "तुम्ही म्हणालात ठणठणीत होतील. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"मीनल," आई म्हणाली.

"राहू दे, वहिनी. माहीत होतं." काकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि सिंकचा नळ सोडला. त्यांची पाठ टेबलाकडे होती. बराच वेळ ते एकच ताट घासत राहिले.

मीनल बसून बघत होती. तिचं ऑक्टोबरचं भाकीतही चुकलंच होतं.

ती उठली. ओव्हनच्या दांडीवरचं फडकं काढून घेतलं, काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि ओल्या ताटासाठी तिने हात पुढे केला.