वार्काच्या वाटीतलं दूध

आमच्यात मुलीला नवरा हवा असेल, तर तिला आधी एक शत्रू मारावा लागतो. राणीची लेक असली तरी सुटका नाही. राणी अस्पाया माझी थोरली बहीण, पण तिची लेक वार्का वाढली माझ्या गाडीत, माझ्या पांघरुणात. कासागशी तिचं ठरून बरेच हिवाळे झाले आणि पोरीच्या हातून अजून माशी मेली नव्हती.

"मावशी, यंदाही नाही जमलं तर तो दुसरी बघेल गं."

"बघू दे मेल्याला," मी म्हणायची. पण धास्ती मलाही होतीच.

त्या शरदात तिनं तानाईस नदीपलीकडचा एक स्वार फास टाकून घोड्यावरून ओढला. तिथंच मारायचा की नाही? पण हिला आईसमोर मिरवायचं होतं, म्हणून जिवंत आणायला निघाली. वाटेत तो तहानेनं मरायला टेकला. मेलेला आणून काय उपयोग? म्हणून हिनं कमरेची वाटी सोडली आणि त्याला घोडीचं दूध पाजलं. अगं बाई, बुधला ओतायचास ना त्याच्या नरड्यात! वाटीतलं दूध प्यायला तो घरचा झाला, हे आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. हिला वाटलं, गवताळ रानात कोण बघतंय?

मेजवानीच्या दिवशी ती त्याला फासाला बांधून घेऊन आली. त्या दिवशी ज्यानं माणूस मारलाय त्यालाच राणी स्वतःच्या हातानं दारू देते. बाकीचे धुराकडेला कोरड्या घशानं बसतात आणि लोकांचे टोमणे खातात.

वार्कानं कुऱ्हाड उचलली, तसा तो ओरडला, "हिच्या वाटीतलं दूध प्यायलोय मी!"

"खरं का गं?" राणीनं विचारलं.

वार्कानं मान खाली घातली.

"सोडा त्याला. लेक झाला तो माझा." अस्पायानं पेला भरला. "किती मारलेस, बाळ? खरं सांग. इथं खोटं बोललेलं चालत नाही."

"एकच. वसंतात, नदीच्या उतारावर. पांढऱ्या घोडीवरचा पोरगा होता. पडताना आई म्हणाला."

पांढरी घोडी तिर्गाची. अस्पायाचा एकुलता एक मुलगा, वार्काचा पाठचा भाऊ, त्याच वसंतात मारला गेलेला. माझ्या हातातलं मांस खाली पडलं. राणीचा हात मात्र हलला नाही. तिनं पेला त्याच्या हातात दिला.

"घे. तुझा हक्क आहे. आणि वार्का, तू काय बघत उभी? जा, धुरात बस. तिर्गाला एकटं सोडून पळालीस, तेव्हाच कळलं होतं मला तुझं पाणी. ये, आधी या भावाला मिठी मार."

वार्का पळाली नव्हती. ती त्या दिवशी तापानं फणफणली होती, माझ्या मांडीवर. मी तोंड उघडेपर्यंत कुऱ्हाड पडली होती.

"आई, बघ!" तिनं मुंडकं उचललं. पोरगी चक्क हसत होती. "तिर्गाला मारणारा!"

"माझा लेक होता तो," राणी म्हणाली. "भावाला मारलंस तू."

भावाला मारणाऱ्याचा घोडा आणि धनुष्य काढून घेतात, आणि त्याला पायी रानात हाकलतात. बर्फ पडायला लागलं होतं. तिच्या घोड्याचा लगाम कासागनंच सोडवून घेतला, नालायकानं.

मी बहिणीला गाडीआड गाठलं. "तू डिवचलंस तिला. मुद्दाम."

"मी मारला असता तर मला जावं लागलं असतं. टोळी कुणी सांभाळली असती, तू?" तिनं ओठांची दारू पुसली. "तिर्गाचा सूड निघाला. रडू नकोस, लोक बघताहेत."

मी थुंकले आणि वार्काकडे गेले. तळाच्या कडेला ती हात काखेत घालून उभी होती.

"मावशी, आई फार रागावलीय का? उद्या बोलावेल ना परत?"

मी हो म्हटलं, आणि खाली बसून माझे लोकरीचे जोडे तिच्या पायात घातले.