फाटकापलीकडे वऱ्हाड

फाटक बंद म्हणजे बंद, हे भिवाजीचं बोलणं त्या भागातल्या झाडून सगळ्या गाडीवानांना पाठ होतं. कल्याणहून शहाडकडे जाणारा रस्ता जिथं रूळ ओलांडायचा, तिथं हा बाबा एकवीस वर्षं फाटकवाला होता. स्टेशनातून फोन आला की दांडा खाली, कुलूप लागलं, किल्ली कमरेला. मग पलीकडे पेंढ्याच्या बैलगाड्या असोत नाहीतर मामलेदाराचा टांगा असो, आगगाडी गेल्याशिवाय कुलपाला हात लागायचा नाही. कोणी गयावया केली तर भिवाजी विडी पेटवायचा. कोणी आईबहीण काढली तरी विडीच पेटवायचा. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं? लोकांनी नाद सोडला होता.

शहाडच्या काळुरामनं मात्र त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्याला आता आठ वर्षं झाली. काळुरामची बायको आवडाबाई पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. भर दुपारी तिला बैलगाडीत घालून तो कल्याणच्या दवाखान्यात निघाला आणि फाटकाशी अडकला. तिला उतरवून पायी न्यावं अशी तिची अवस्था नव्हती. काळुरामनं हात जोडले, मग पाय धरले. भिवाजी म्हणाला, "गारी येते." बावीस मिनिटं दांडा आडवा होता. पोर तिथंच गाडीत झालं आणि रडलंच नाही. आवडाबाई वाचली, पण पुढं तिची कूस उजवली नाही.

काळुरामनं तक्रार केली नाही की शिवी दिली नाही. त्यानंतर तो फाटकाशी यायचा, समोर बघत थांबायचा, दांडा उठला की निघून जायचा. भिवाजी मात्र कोणी विचारो न विचारो, सांगत सुटायचा. "गारी येत व्हती. उघरलं असतं तर बैलांसकट सगली गेली असती. मी काय करनार?" लोक माना डोलवायचे. खरंच की, त्यानं तरी काय करावं!

चोपन्न सालच्या वैशाखात भिवाजीच्या सगुणाचं लग्न निघालं. मुलगा शहाडकडचा, गोपीनाथचा. गोपीनाथ म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण स्थळ चांगलं होतं, म्हणून चंद्रभागेनं, म्हणजे भिवाजीच्या बायकोनं, नवऱ्याच्या मागं लागून ते जुळवून आणलं होतं. मांडव पडला फाटकाशेजारीच, रेल्वेच्या खोलीपुढं. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. फाटकावर त्या दिवशी बदली म्हणून त्र्यंबक आला होता. वर्षभरापूर्वी भिवाजीच्याच हाताखाली शिकलेला, पापभीरू गडी.

सव्वाअकराला पलीकडून वाजंत्री ऐकू यायला लागली. मांडवातल्या बायका उठून बसल्या, लग्नाची गाणी, धवले, म्हणणाऱ्या दोघींनी घसे साफ केले. मग वाजंत्री फाटकापर्यंत आली आणि थांबली. पाच मिनिटं झाली, सात झाली.

"अवो, नुसते ऐकत काय बसलाव?" चंद्रभागा कडाडली. "बघा ना जावन!"

भिवाजी नवा फेटा सावरत गेला. दांडा आडवा. वऱ्हाडातल्या बायका, त्यांत आवडाबाईही, आणि वाजंत्रीवाले दांड्याखालून वाकून केव्हाच अलीकडे आले होते आणि घाम पुसत उभे होते. पलीकडे बैलगाडीत मुंडावळ्या बांधलेला नवरा आणि गाडीपुढं गोपीनाथ, दोन्ही हात कमरेवर.

"नवरदेवाला म्हनावं उतर नि वाकून ये," भिवाजी म्हणाला. "चार पावलांचा तर मांडव."

"माजा पोर वाकनार नाय," गोपीनाथ म्हणाला. "लग्नाला निघालेला नवरा कुनाच्या दांड्याखालून जात नसतो. मुहूर्त टलला तर आमी परत. बस्स."

हसण्यासारखंच होतं, पण हसलं कोणी नाही. भिवाजी त्या माणसाला ओळखून होता. हा खरंच परत जाईल आणि हळद लागलेली पोर घरात राहील.

त्र्यंबकानं किल्ली पुढं केली. "काका, मालगाडी सिग्नलला उभी आहे. कल्याण यार्डात जागा नाही म्हणतात. तुम्ही म्हणाल तसं करतो. शिकवलंत तुम्हीच."

भिवाजीनं शहाडच्या बाजूला पाहिलं. मालगाडी तीन फर्लांगांवर सिग्नलपाशी उभी होती. इतकी थंड, की ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून बसलेला दिसत होता. पूर्वी ती दिसली नसती. रस्त्याच्या त्या अंगाला बाभळींचं रान होतं आणि सिग्नल दिसायचा तो फक्त फाटकवाल्याच्या खोलीच्या पायरीवरून. रेल्वेनं गेल्याच महिन्यात बाभळी साफ केल्या होत्या. आता दांड्याशी उभ्या असलेल्या कोणालाही गाडी दिसत होती.

सिग्नल पडल्याशिवाय ती गाडी हलणार नव्हती, हलली तरी इथवर यायला चार मिनिटं, आणि बैलगाडीला रूळ ओलांडायला एक पुरे. हे भिवाजीला आज कळलं असं नाही. त्या दिवशीही, आवडाबाई गाडीत कण्हत असताना, मालगाडी तिथंच, अशीच उभी होती. पायरीवरून त्यानं ती चांगली दोनदा पाहिली होती. उघडलं आणि कोणी साहेबाला सांगितलं तर नोकरी जाईल, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. 'गाडी येत होती' हे त्यानं नंतर इतक्यांना सांगितलं, की मधूनमधून त्याचं त्यालाच खरं वाटायचं.

आणि नवऱ्याच्या बैलगाडीचा कासरा धरून बसला होता काळुराम. त्याचे खिल्लारी बैल नावाजलेले, म्हणून गोपीनाथनं मागून आणलेले. काळुराम भिवाजीकडे बघत नव्हता. तो मालगाडीकडे बघत होता.

भिवाजीला भीती वाटली. आगगाडीची नव्हे, त्या माणसाची. नियमाला धरून राहावं तर पोरीचं लग्न मोडणार. उघडावं तर आठ वर्षं सांगितलेलं सगळं या एका माणसापुढं उघडं पडणार. मांडवातून चंद्रभागेची हाक आली. सगुणा दारात येऊन उभी होती, हिरवा चुडा भरलेली, चेहरा उतरलेली.

"उघर," भिवाजी म्हणाला.

त्र्यंबकानं कुलूप काढलं. दांडा वर गेला, बैलांनी रूळ ओलांडले, दांडा परत खाली आला. मालगाडी जागची हलली नव्हती. अकरा बेचाळीसला अक्षता पडल्या, वाजंत्रीवाल्यांनी कान किटवले आणि गोपीनाथ व्याह्याच्या गळ्यात पडून म्हणाला, "मानूस म्हनजे असा पायजे!" पहिली पंगत बसेपर्यंत मालगाडी तिथंच होती.

भिवाजी बुंदीचं ताट घेऊन वाढत निघाला. वधूपित्यानं आग्रह करायचा असतो. एकेकाच्या पत्रावळीपाशी थांबत तो काळुरामपुढं आला, आणि ताट तसंच धरून उभा राहिला.

काळुरामनं वर पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"भिवाजी, त्या दिसाला गारी कुठं व्हती?"

आवाज चढलेला नव्हता. शेजारच्या दोघातिघांनी तेवढे हात थांबवले. 'येत होती' म्हणायला काय लागत होतं? जीभ सरावलेली होती. पण भिवाजीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला ते म्हणवेना.

"शिंगलला उभी व्हती," तो म्हणाला. "आजच्यासारकीच."

काळुरामनं मान हलवली.

"आवडी निजायची नाय रं," तो म्हणाला. "म्हनायची, मी चालत गेले असते तर पोर वाचला असता. मंग मीच तिला सांगायचो, गारी येत व्हती, आपला इलाज नव्हता. आठ वर्सं मी तुझीच बाजू घेतली."

भिवाजीला हात जोडायचे होते, पण हातात ताट होतं.

काळुराम पानावरून उठला नाही. त्यानं वाढलेलं सगळं संपवलं, मांडवाच्या कडेला जाऊन हात धुतले, आणि बायकांच्या पंगतीत आवडाबाई बसली होती तिकडे चालू लागला.